तेरडा, कुर्डू, खुळखुळा की सोनकी : घरच्या बागेसाठी देशी वर्षायू रानफूल निवडताना

घराच्या बागेत एखादे देशी रानफूल लावायचे ठरले की बहुतेक जण फुलाचा रंग आणि आकार पाहून निवड करतात. वर्षायू झाडाच्या बाबतीत हा निकष अपुरा पडतो, कारण असे झाड एकाच हंगामात रुजते, वाढते, फुलते, बी धरते आणि वाळून जाते. या चार-पाच महिन्यांपैकी फुलांचा बहर दीड-दोन महिन्यांचा असतो. उरलेला काळ कोवळ्या रोपांचा, पानांचा आणि शेवटी वाळत चाललेल्या काड्यांचा असतो. शिवाय पुढच्या वर्षी ते झाड पुन्हा दिसणार की नाही, हे त्या वाळलेल्या काड्यांवरच्या बियांवर ठरते. त्यामुळे कोणते फूल अधिक देखणे, यापेक्षा कोणत्या झाडाला आपल्या जागेत बी धरेपर्यंत सुखाने उभे राहता येईल, हा प्रश्न आधी विचारायला हवा. महाराष्ट्रातल्या चार ओळखीच्या रानफुलांची, म्हणजे तेरडा, कुर्डू, खुळखुळा आणि सोनकी यांची तुलना पुढे याच दृष्टीने केली आहे.

काही नावे मुद्दाम वगळली आहेत. कळलावी सुंदर असली तरी ती कंदापासून दरवर्षी फुटणारी बहुवर्षायू वेल आहे, आणि कारवी तर सात वर्षांनी एकदा फुलणारे झुडूप आहे, म्हणून त्या दोघी या विषयात बसत नाहीत. कास पठारावरची जांभळ्या-निळ्या फुलांची सीतेची आसवे आणि पांढऱ्या गोंड्यांचे गेंद ही वर्षायूच आहेत, परंतु ती कातळावरच्या पातळ, सतत ओल्या आणि अन्नद्रव्यांनी अत्यंत गरीब मातीत वाढतात. सीतेची आसवे तर जमिनीतल्या मुळांसारख्या तंतूंवरच्या सूक्ष्म पिशव्यांत बारीक जीव पकडून आपली नत्राची गरज भागवतात. अशी वनस्पती शेणखत घातलेल्या कुंडीत जगण्याची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. शिवाय कास हे २०१२ साली जागतिक वारसा म्हणून घोषित झालेल्या पश्चिम घाटातल्या ३९ स्थळांपैकी एक असून तेथून रोप, फूल किंवा बी उचलून आणणे गैर आहे, हे वेगळे सांगायला नको.

चौघांची ओळख

तेरडा, म्हणजे इम्पेशन्स बाल्समिना, पावसाळ्यात रस्त्यांच्या कडेला, बांधांवर आणि झाडांच्या विरळ सावलीत दिसणारा गुलाबी फुलांचा एक ते तीन फूट उंचीचा वर्षायू आहे. त्याचा दांडा मांसल, पाण्याने भरलेला आणि जवळपास पारदर्शक असतो, पाने लांबट व करवती कडांची असतात आणि फुले दांड्याला लगटून पानांच्या बगलेत येतात. बागांमध्ये ‘बाल्सम’ म्हणून मिळणारी दुहेरी पाकळ्यांची रोपे याच जातीची निवडून तयार केलेली रूपे आहेत.

कुर्डू, म्हणजे सेलोशिया अर्जेन्शिया, हा माठाच्या कुळातला. पडीक रानात आणि खरिपाच्या पिकात तो हमखास असतो. उभट दांड्याच्या टोकाला गुलाबी शेंड्याचा आणि खाली रुपेरी-पांढरा होत गेलेला तुरा, ही त्याची खूण. खुळखुळा किंवा घागरी, म्हणजे क्रोटालारिया रेटुसा, हा शेंगा धरणाऱ्या कुळातला, शेतात हिरवळीच्या खतासाठी पेरल्या जाणाऱ्या तागाचा जवळचा नातेवाईक. पिवळ्या पाकळ्यांवर मागच्या बाजूने तांबूस रेघा असलेली त्याची फुले दांड्याच्या टोकाशी ओळीने लागतात. सोनकी, म्हणजे सेनेशिओ बॉम्बेएन्सिस, ही सूर्यफुलाच्या कुळातली, आणि भाद्रपदात सह्याद्रीचे गड आणि पठारे पिवळी करून टाकण्याचे बरेचसे श्रेय तिला जाते.

जागा काय देते : ऊन, पाणी आणि माती

इथे चौघांमधला फरक सर्वांत स्पष्ट दिसतो, आणि माझ्या मते निर्णयाचा निम्म्याहून अधिक भार या मुद्द्यावरच असावा.

तेरड्याला सकाळचे तीन-चार तास ऊन आणि नंतर सावली मिळाली तर तो सर्वांत चांगला वाढतो. पूर्वेकडची गॅलरी, मोठ्या झाडाखालचा वाफा किंवा भिंतीच्या आडोशाची जागा त्याला मानवते. भर उन्हात तो जगत नाही असे नाही, पण पावसाने आठवडाभर उघडीप दिली की दुपारी त्याची पाने माना टाकतात. अशा वेळी घाईने पाणी ओतण्यापूर्वी मातीत बोट खुपसून पाहावे. माती कोरडी असेल तर पाणी दिल्यावर तासाभरात रोप पुन्हा ताठ होते. माती ओली असून पाने मलूल असतील आणि ऊन उतरल्यावरही ती सावरली नाहीत, तर मात्र ते मूळ किंवा दांडा सडू लागल्याचे लक्षण असते आणि तेव्हा पाणी देणे म्हणजे उरलीसुरली आशा घालवणे. पाणी हवे, पण साचलेले नको, ही तेरड्याची अट कुंडीत सांभाळणे जमिनीपेक्षा कठीण जाते, कारण कुंडी दुपारी तापते आणि रात्री जोराचा पाऊस झाला की तुंबते. त्यामुळे कुंडीच्या मिश्रणात पालापाचोळ्याचे खत भरपूर आणि तळाशी निचऱ्याची सोय चोख असणे अत्यावश्यक आहे.

कुर्डूची गोष्ट नेमकी उलट. त्याला दिवसभराचे ऊन हवे. सावलीत तो उंच, बारीक आणि लवचीक होतो, तुरे लहान राहतात आणि पहिल्या जोरदार वाऱ्यात आडवा पडतो. मात्र ऊन भरपूर असेल तर मातीविषयी त्याची फारशी तक्रार नसते. मुरमाड, हलकी, बांधकामाचा चुरा मिसळलेली मातीदेखील त्याला चालते आणि पाऊस संपल्यावर महिनाभर पाणी मिळाले नाही तरी तो तग धरतो. दक्षिण किंवा पश्चिमेकडची तापणारी गच्ची असेल आणि रोज पाणी घालण्याची खात्री नसेल, तर तेरड्याचा विचार सोडून कुर्डूकडे वळणे शहाणपणाचे.

खुळखुळ्यालाही ऊन आणि उत्तम निचरा लागतो, आणि त्याच्या मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र स्थिर करणारे जिवाणू राहत असल्यामुळे त्याला नत्रखताची गरज जवळजवळ नसते. उलट खत जास्त झाले तर पाने माजतात आणि फुले उशिरा येतात. त्याचे सोटमूळ खोल जात असल्याने उथळ ट्रे किंवा लहान कुंडीत तो खुरटतो. निदान बारा इंच खोलीची कुंडी द्यावी, आणि शक्य असेल तर जमिनीतच लावावा.

सोनकीविषयी थोडे कटू बोलावे लागेल. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर महाबळेश्वरात तो ५००० मिलिमीटरच्या पुढे जातो, आणि सोनकी ज्या हवेत बहरते ती हवा दुसऱ्या प्रकारची आहे. म्हणजे दिवसभर ढग, गार वारा, धुके, सततची भिजपावसाची रिपरिप आणि उतारावरून क्षणभरही न थांबणारे पाणी. पाणी कुंडीतही घालता येते, पण हवेचा गारवा घालता येत नाही. घाटमाथ्यावर किंवा त्याच्या लगत घर असलेल्यांनी सोनकी अवश्य करून पाहावी. देशावरच्या आणि किनारपट्टीवरच्या शहरांतल्या गच्च्यांवर ती लावण्याचा हट्ट मला पटत नाही. डोंगरावर जाऊन तिला पाहावे, हे अधिक बरे.

रुजवणे किती सोपे

तेरड्याचे बी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, पावसाने माती नीट भिजल्यावर पेरावे. अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा खोल पुरू नये. उबदार, ओलसर हवेत आठवड्याभरात ते वर येते आणि पेरल्यापासून सुमारे दोन महिन्यांत फुले लागतात. रोपे चार-पाच पानांची असताना उपटून दुसरीकडे लावली तरी सहसा मरत नाहीत, ही नवख्या माणसाला मोठीच सोय आहे, कारण दाट उगवलेली रोपे विरळ करताना जी निघतात त्यांचा दुसरा वाफा होतो. दोन रोपांत नऊ इंच ते एक फूट अंतर ठेवले तर हवा खेळती राहते.

कुर्डूचे बी बारीक, काळे आणि चकचकीत असते. ते मातीत गाडण्याची चूक सर्रास होते. खरे तर मोकळ्या केलेल्या मातीवर भुरभुरावे, वरून हाताने हलके दाबावे आणि मातीचा अगदी पातळ थर द्यावा. मूठभर कोरड्या वाळूत मिसळून फेकले तर ते एका जागी गोळा होत नाही. कुर्डूची रोपे लहान असतानाच हलवावीत. लहान कुंडीत मुळे अडकून राहिलेले रोप अवेळीच बोटभर तुरा काढते आणि मग कितीही मोठ्या जागेत लावले तरी त्याची वाढ पुन्हा जोर धरत नाही.

खुळखुळ्याच्या बियांचे कवच कठीण असते. नुसते पेरले तर काही बिया या पावसात रुजतात, काही पुढच्या पावसाची वाट पाहतात. सगळे बी एकदम उगवावे अशी इच्छा असेल तर ते पॉलिश कागदावर हलकेच घासावे, किंवा गरम पाण्यात टाकून ते पाणी निवेपर्यंत आणि पुढे रात्रभर तसेच ठेवावे. फुगलेले बी सकाळी पेरावे, न फुगलेले पुन्हा घासावे. सोटमुळामुळे त्याला हलवणे रुचत नाही, म्हणून जिथे वाढवायचे तिथेच दोन-तीन बिया टाकून नंतर एकच रोप ठेवावे. सोनकीच्या बियांना पांढरे केसांचे तुरे असतात आणि त्या वाऱ्यावर जातात. पेरताना त्या मातीवर ठेवून पाण्याच्या बारीक फवाऱ्याने चिकटवाव्या लागतात, एवढे सांगून पुढे जाऊ.

एकंदरीत रुजवण्याच्या सोपेपणात तेरडा पहिला, कुर्डू त्याच्या मागोमाग आणि खुळखुळा बियांवर थोडी मेहनत घेणाऱ्यासाठी, असा क्रम लागतो.

बहर, आणि बहरानंतरचे दिवस

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण एका फुलापुरती खरी आहे, झाडापुरती नाही. एक फूल दोन-तीन दिवसांत गळते, परंतु खालच्या पानांच्या बगलेपासून शेंड्याकडे नवी फुले येत राहिल्याने झाड ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाच-सहा आठवडे फुललेले राहते. गौरी-गणपतीच्या दिवसांत तो ऐन भरात असतो. मात्र त्याचा उतारही तितकाच जलद असतो. पाऊस थांबला, हवा कोरडी झाली की पाने पिवळी पडतात, भुरीचे पांढरे डाग दिसू लागतात आणि ऑक्टोबर संपेपर्यंत जागा मोकळी होते. ज्यांना दिवाळीनंतर त्याच वाफ्यात मेथी, पालक किंवा थंडीची फुलझाडे लावायची आहेत त्यांच्या दृष्टीने हा दोष नसून सोयच आहे.

कुर्डू सप्टेंबरमध्ये फुलू लागतो आणि तुरे थंडीपर्यंत टिकतात. एका तुऱ्यात खालची फुले आधी उमलतात, त्यांचा गुलाबी रंग उडून ती कागदासारखी कोरडी व रुपेरी होतात, आणि शेंडा तरीही वाढत व रंग दाखवत राहतो, त्यामुळे एकाच तुऱ्यात कळी, फूल आणि पिकलेले बी तिन्ही एकाच वेळी असतात. उन्हात, सकाळच्या दवात असा कुर्डूचा ताटवा तेरड्याइतकाच देखणा दिसतो असे माझे मत आहे, आणि वाळल्यावर तो विद्रूप होत नाही हा त्याचा सर्वांत मोठा गुण. तुरे कापून उलटे टांगून सुकवले तर फुलदाणीत महिनोन्महिने राहतात. ज्या घरात वाळकी काडी दिसली की कोणी तरी ती उपटून टाकते, तिथे बी धरेपर्यंत टिकण्याची शक्यता या चौघांत कुर्डूचीच अधिक.

खुळखुळ्याचा बहर सप्टेंबर ते डिसेंबर असा लांबतो, पण एका वेळी फुललेली फुले मोजकीच असतात. तो ताटव्याने रंग भरत नाही, जवळून पाहावा लागतो. फुगीर शेंगा आधी हिरव्या, मग काळपट होतात आणि आतल्या बिया सुटल्या की झाड हलवताच खुळखुळतात. लहान मुलांना याचा विशेष आनंद होतो, परंतु त्याबद्दलची एक गंभीर सूचना पुढे आहे ती वाचून मगच निर्णय घ्यावा.

फुलपाखरे, भुंगे आणि अळ्या

देशी फूल लावण्यामागे बागेत कीटक यावेत ही इच्छा असेल, तर तुलना थोडी बदलते. तेरड्याच्या फुलाला मागे वाकलेली बारीक शुंडिका, म्हणजे पोकळ नळी, असते आणि मकरंद तिच्या टोकाशी असतो. त्यामुळे लांब सोंडेची फुलपाखरे आणि तिन्हीसांजेला भिरभिरणारे मोठे पतंग तिथे येतात, मधमाश्याही येतात. त्या मोठ्या पतंगांपैकी काहींच्या अळ्या तेरड्याची पाने खातात. शेपटाशी टोकदार शिंग असलेली जाडजूड अळी दिसली तर ती तीच, आणि एक-दोन अळ्यांनी ताटव्याचे काही बिघडत नाही. खरा उपद्रव गोगलगायींचा. पावसाळी रात्री त्या तेरड्याची कोवळी रोपे जमिनीपासून कुरतडून टाकतात. संध्याकाळी हाताने वेचणे हाच भरवशाचा इलाज. दुहेरी पाकळ्यांच्या बाल्समबाबत एवढे लक्षात घ्यावे की फुलाचे इतर भाग पाकळ्यांत रूपांतरित झाल्याने कीटकांना मकरंदापर्यंत पोहोचणे अवघड जाते आणि बीही कमी धरते. शिवाय एकच जात असल्यामुळे शेजारी लावलेला रानतेरडा आणि बाल्सम यांचा संकर होतो. शुद्ध रानतेरडा हवा असेल तर दोघांना एकत्र लावू नये.

कुर्डूवर छोटी निळी फुलपाखरे, टायगर गटातली फुलपाखरे आणि मधमाश्या नियमित दिसतात, विशेषतः ऑक्टोबरनंतर, जेव्हा बाकीची रानफुले सरत आलेली असतात. पण कीटकांचा खरा खेळ पाहायचा असेल तर खुळखुळा लावावा. त्याचे फूल जोराने दाबल्याशिवाय पराग देत नाही. मोठा काळा भुंगा येऊन खालच्या होडीसारख्या पाकळीवर टेकला की त्याच्या वजनाने ती खाली जाते आणि टोकातून परागाची बारीक वात त्याच्या पोटाला लागते. ब्लू टायगर, स्ट्राइप्ड टायगर, कॉमन क्रो या फुलपाखरांचे नर फुलांवर न बसता वाळलेल्या पानांवर आणि शेंगांवर गर्दी करतात, पृष्ठभाग खरवडतात आणि सोंडेने त्यातली अल्कलॉइडे शोषून घेतात. ही द्रव्ये त्यांना मादीला आकर्षित करणारा गंध तयार करण्यासाठी आणि भक्षकांपासून बचावासाठी लागतात. शेंगांत पी ब्लू या फुलपाखराच्या अळ्या, तर पानांवर आणि शेंगांवर लाल-काळ्या ठिपक्यांच्या पांढऱ्या पतंगाच्या अळ्या आढळतात. यात निम्मे बी जाऊ शकते. ते सोसण्याची तयारी नसेल तर हे झाड लावू नये, कारण कीटकनाशक मारून खुळखुळा वाढवणे म्हणजे ज्यासाठी तो लावला तेच घालवणे होय.

‘देशी’ या अटीची काटेकोरपणे तपासणी

देशीपणाबद्दल जे अत्यंत आग्रही आहेत त्यांनी कुर्डूविषयी एक गोष्ट जाणून घ्यावी. तो आपल्या रानात इतका सर्वत्र आहे आणि कोवळ्या पाल्याची भाजी म्हणून इतका जुना आहे की तो परका मानणे जड जाते. तरीही आज तो आशिया व आफ्रिकेच्या उष्ण प्रदेशांत सर्वदूर तण म्हणून पसरलेला असून त्याचा मूळ प्रदेश नेमका कोणता, यावर वनस्पतिशास्त्रज्ञांचे एकमत नाही. तेरड्याच्या बाबतीत अशी शंका नाही, तो भारतातलाच. सोनकी तर सह्याद्रीशी जोडलेलीच आहे. अट काटेकोर असेल तर तेरडा निवडावा. ‘आपल्या परिसंस्थेत मुरलेले आणि कीटकांना उपयोगी’ एवढे पुरेसे असेल तर कुर्डूला नाकारण्याचे कारण मला दिसत नाही. ‘रानफुलांचे मिश्र बियाणे’ म्हणून जी पाकिटे मिळतात त्यांत बहुधा कॉसमॉस, कॅलिफोर्निया पॉपी, झिनिया अशी अमेरिका खंडातली फुले असतात. पिवळा कॉसमॉस तर बागेबाहेर निसटून रस्त्यांच्या कडेला पसरलेला दिसतो. आपला घरचा झेंडूही मूळचा मेक्सिकोचाच. ही फुले वाईट आहेत असे नव्हे, पण देशी रानफूल हवे असणाऱ्याने त्या पाकिटाने समाधान मानू नये.

बी धरणे, आवरणे आणि पसरू न देणे

तेरड्याचे बोंड पिकले की किंचित फुगते, हिरव्यात पिवळसर छटा येते आणि त्याच्यावरची लव सहज दिसते. अशा बोंडाला बोट लागताच त्याच्या पाचही पाकळ्या आतल्या बाजूला झटकन वळतात आणि तपकिरी बिया फूट-दोन फुटांवर, कधी त्याहूनही दूर उडतात. बी हाती यायचे असेल तर बोंड झाडावर असतानाच मुठीत पूर्ण झाकून मग तोडावे, किंवा फांदीच्या टोकाला मलमलीच्या तुकड्याची सैल पिशवी बांधून ठेवावी. जमिनीतल्या वाफ्यात हा त्रास घेण्याची गरज नाही. उडालेले बी आठ महिने कोरड्या मातीत पडून राहते आणि पुढच्या जूनमध्ये आपणहून रुजते. अट एवढीच की मधल्या काळात तो वाफा खोल खणू नये आणि त्यावर आच्छादनाचा जाड थर देऊ नये. थंडीत किंवा उन्हाळ्यात त्या जागेला रोज पाणी मिळत असेल तर काही बिया अवेळी उगवून वाया जातात, हेही ध्यानात ठेवावे.

कुर्डूचे बी गोळा करणे फार सोपे आहे. वाळलेला तुरा कागदी पिशवीत उलटा धरून हाताने चुरगाळला की प्रत्येक इवल्या फळाचा वरचा भाग डबीच्या झाकणासारखा निघतो आणि काळ्या बिया तळाशी जमतात. भुसा फुंकरीने उडवावा. अडचण बी मिळण्याची नाही, ते आवरण्याची आहे. एक जोमदार झाड हजारो बिया टाकते आणि त्या मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. शहरातल्या गच्चीत याचा त्रास फार तर शेजारच्या कुंड्यांना होतो. परंतु बागेला लागून सोयाबीन, भुईमूग किंवा कापसाचे शेत असेल तर कुर्डू मुद्दाम वाढवणे शेजाऱ्याच्या खुरपणीचा खर्च वाढवणे ठरेल. तिथे तो लावू नये, किंवा तुरे रुपेरी होण्याआधीच कापून घ्यावेत. खुळखुळ्याच्या शेंगा काळ्या झाल्या की तोडाव्यात. उशीर केला तर त्या उकलून बी खाली सांडते. कोणतेही बी सावलीत वाळवून, कागदी पुडीत, गोळा केल्याचे वर्ष लिहून ठेवावे. प्लास्टिकच्या बंद पिशवीत उरलेली ओल बी कुजवते.

पहिल्या वर्षासाठी बी मिळवायचे झाल्यास रस्त्याच्या कडेच्या किंवा पडीक जागेतल्या भरघोस ताटव्यातून मूठभर घ्यावे, एकाच झाडाचे सगळे घेऊ नये आणि संरक्षित वनक्षेत्रात तर हात लावू नये.

विषारीपणाची सूचना

खुळखुळ्यातली जी अल्कलॉइडे फुलपाखरांना हवी असतात तीच यकृताला घातक असतात. खुळखुळ्याच्या बिया आणि पाने जनावरांना व कोंबड्यांना विषबाधा करतात. शेंगा खेळण्यासारख्या वाजत असल्याने दोन-तीन वर्षांचे मूल त्या तोंडात घालण्याची शक्यता असते. घरात लहान मूल, मोकळ्या कोंबड्या किंवा गच्चीत पानांना तोंड लावणारे कुत्रे-मांजर असेल तर खुळखुळ्याचा विचार काही वर्षे बाजूला ठेवावा. सोनकीच्या प्रजातीतही याच गटातली द्रव्ये आढळतात, म्हणून ती जनावरांच्या चाऱ्यात जाऊ देऊ नये. तेरडा आणि कुर्डू यांबाबत अशी काळजी करावी लागत नाही.

कोणी काय निवडावे

अर्धसावलीची जागा, रोज बागेकडे फिरकण्याची सवय आणि पावसाळ्यातच रंग हवा अशी इच्छा असेल तर तेरडा. तापणारी गच्ची, हलकी माती आणि पाण्याचा भरवसा नसेल तर कुर्डू, आणि तो शेताला लागून नसेल याची खातरजमा करून. जमिनीचा उन्हाळ तुकडा आहे, घरात लहान मूल किंवा जनावर नाही आणि फुलांपेक्षा त्यांच्यावर येणाऱ्या पाहुण्यांमध्ये अधिक रस आहे, अशा माणसाने खुळखुळाच लावावा. त्याला तेरडा दोन वर्षांत कंटाळवाणा वाटेल. सोनकीची शिफारस मी घाटमाथ्यावरच्या घरांपुरती ठेवतो. एकच निवडण्याचे बंधन नसेल तर भिंतीच्या सावलीच्या बाजूला तेरडा आणि उन्हाच्या बाजूला कुर्डू ही जोडी जमते, कारण तेरडा संपतो तेव्हा कुर्डू भरात येतो. मात्र कुर्डूची रोपे तेरड्याच्या मुळाशी उगवली तर ती दोन पानांची असतानाच काढावीत, नाही तर सप्टेंबरपर्यंत ती त्याच्या डोक्यावरून जातात.

जूनची पेरणी हुकली तर तेरडा जुलैच्या मध्यापर्यंत पेरता येतो, फक्त झाडे ठेंगणी राहतात. कुर्डू ऑगस्टमध्ये पेरला तरी थंडीपूर्वी तुरे काढतो. खुळखुळ्याला मात्र जुलैनंतर पेरू नये. सोटमूळ खोल जाण्याआधीच पाऊस संपतो, आणि मग वरून पाणी घालत राहण्याचे जे काम लागते त्यासाठी हे झाड निवडण्यात काही अर्थ उरत नाही.